ऊन, वारा, पाऊस ओळखून ऑफिसची इमारत कशी बांधतात? मुंबईच्या उदाहरणावरून समजून घ्या

मुंबईतल्या बऱ्याच काचेच्या ऑफिसांमध्ये भर दुपारी एकच चित्र दिसतं. बाहेर लख्ख ऊन, आत सगळे ब्लाइंड्स खाली ओढलेले, छतावरचे दिवे चालू, एसी २० वर आणि निम्म्या खुर्च्यांच्या पाठीवर शाल किंवा जॅकेट. उजेड मिळावा म्हणून काच लावली, उजेडाबरोबर ऊन आलं म्हणून काच झाकली, अंधार झाला म्हणून दिवे लावले आणि उकडतंय म्हणून एसी वाढवला. या प्रत्येक पायरीला वीज लागते आणि तिचं बिल पुढची ५० वर्षं येत राहतं.

याच्या उलट विचार करून बांधलेल्या इमारतीला हवामानाशी जुळवून घेणारी इमारत म्हणतात. आधी जागेचं ऊन, वारा, पाऊस आणि दमटपणा समजून घ्यायचा, त्यानुसार इमारतीचं तोंड, भिंती, खिडक्या आणि छज्जे ठरवायचे आणि उरलेलं काम यंत्रांवर सोपवायचं, असा हा क्रम आहे. मुंबईसारख्या उष्ण आणि दमट शहरात हे कसं करतात, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी हवामान नीट ओळखा

भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत देशाचे पाच हवामान विभाग केले आहेत: उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड. मुंबई उष्ण-दमट विभागात येते. इथे मे महिन्यात कमाल तापमान सरासरी ३३-३४ अंशांच्या आसपास असतं. आकडा फार मोठा वाटत नाही, पण हवेतल्या बाष्पामुळे घाम वाळत नाही आणि जीव कासावीस होतो.

म्हणूनच एका शहरातला उपाय दुसऱ्या शहरात चालतोच असं नाही. नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी असते. तिथे वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडलं किंवा कूलर लावला की पाण्याचं बाष्प होताना हवेतली उष्णता शोषली जाते आणि खोली गार होते. तोच कूलर मुंबईत लावला तर आधीच ओल्या असलेल्या हवेत आणखी ओल भरते आणि चिकचिक वाढते.

दुसरं उदाहरण जगभर गाजलेलं आहे. झिंबाब्वेची राजधानी हरारे इथलं ईस्टगेट सेंटर हे वास्तुरचनाकार मिक पिअर्स यांनी केलेलं ऑफिस आणि दुकानांचं संकुल १९९६ मध्ये पूर्ण झालं. वाळवीच्या वारुळातून कल्पना घेतलेली इमारत म्हणून ते ओळखलं जातं. तिथे रात्रीची गार हवा काँक्रीटच्या जाड भागांतून खेळवतात आणि तो साठलेला गारवा दिवसा वापरतात, त्यामुळे नेहमीसारख्या एसी यंत्रणेशिवाय काम भागतं. पण हरारे समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या रात्री गार असतात. मुंबईत जुलै महिन्यात कमाल तापमान ३० आणि किमान २५ च्या आसपास असतं. पाचच अंशांचा फरक, तोही दमट हवेत. त्यामुळे पावसाळ्यात भिंतींमध्ये साठवायला गारवाच मिळत नाही. जानेवारीत मात्र उपनगरांत पहाटेचं तापमान १७ अंशांपर्यंत उतरतं. म्हणजे हीच युक्ती मुंबईत हिवाळ्यापुरती चालू शकते.

ऊन कुठून येतं?

मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस इथे 'शून्य सावली दिवस' येतो, म्हणजे माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर असतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. उरलेलं जवळपास सगळं वर्ष माध्यान्हीचं ऊन दक्षिणेकडून येतं.

यावरून चारही बाजूंचा स्वभाव ठरतो.

दक्षिण: इथला सूर्य उंच असल्यामुळे छज्जा उपयोगी पडतो. मार्च आणि सप्टेंबरमध्ये विषुवदिनाला माध्यान्हीचा सूर्य सुमारे ७१ अंशांवर असतो. दीड मीटर उंचीच्या खिडकीला पूर्ण सावली देण्यासाठी तेव्हा फक्त अर्धा मीटर छज्जा पुरतो. डिसेंबरमध्ये सूर्य सुमारे ४७ अंशांपर्यंत खाली येतो. तेव्हा ९० सेंटीमीटरचा छज्जासुद्धा त्याच खिडकीचा दोन तृतीयांश भागच झाकतो. म्हणून छज्ज्याच्या कडेला खाली उतरणाऱ्या आडव्या पट्ट्या जोडतात.

उत्तर: इथे सर्वांत कमी ऊन येतं आणि दिवसभर एकसारखा उजेड मिळतो. मोठ्या खिडक्यांसाठी ही सर्वांत चांगली बाजू. उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि संध्याकाळी थोडं तिरपं ऊन येतं, त्यासाठी बाजूला उभे पडदे पुरतात.

पूर्व आणि पश्चिम: खरी डोकेदुखी इथे आहे. विषुवदिनाला दुपारी साडेचार-पावणेपाचच्या सुमारास सूर्य फक्त २८ अंशांवर असतो. त्याच दीड मीटरच्या खिडकीला छज्ज्याने सावली द्यायची तर छज्जा जवळपास पावणेतीन मीटर लांब हवा. ते शक्य नसतं. म्हणून या बाजूंना खिडक्या कमी ठेवायच्या, उभ्या तिरप्या पट्ट्या लावायच्या किंवा जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहं आणि कोठारं तिकडे सरकवायची.

म्हणून जागा मोकळी असेल तर उष्ण प्रदेशातल्या ऑफिसची इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवतात. लांब बाजू उत्तर-दक्षिणेला येतात आणि आखूड बाजू तापत्या दिशांना.

काचेचं गणित

समजा, पश्चिमेला १०० चौरस मीटर काच आहे. निरभ्र दुपारी त्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला सुमारे ६०० वॅट ऊन पडतंय. साधी एकपदरी काच त्यातली जवळपास ८० टक्के उष्णता आत सोडते, म्हणजे ४८ किलोवॅट. एसीच्या भाषेत एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. याचा अर्थ, फक्त त्या एका काचेच्या भिंतीची उष्णता बाहेर काढायला दीड टनाचे नऊ एसी लागतील. माणसं, संगणक आणि बाहेरची हवा यांचा हिशेब अजून केलेलाच नाही.

आता तिथे उष्णता कमी सोडणारी, २७ टक्केवाली काच लावली तर १६ किलोवॅटच आत येतात आणि तीन एसीत भागतं. काचेचं क्षेत्रफळ निम्मं केलं तर दीडच एसी पुरेल. बाहेरून सावली दिली तर भार त्याहूनही कमी होतो.

२७ टक्क्यांचा हा आकडा सहज घेतलेला नाही. भारताच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७ च्या आवृत्तीत उष्ण-दमट विभागासाठी उत्तर वगळता इतर दिशांच्या काचेला हीच मर्यादा दिली आहे. मुंबईच्या अक्षांशावर उत्तरेच्या काचेला ५० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. नियमावलीच्या सरळ मार्गाने जायचं तर खिडक्यांचं क्षेत्रफळ बाहेरच्या भिंतीच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभार असलेल्या व्यापारी इमारतींसाठी ही संहिता आहे आणि ती राज्यांनी आपापल्या नियमांत आणल्यावर बंधनकारक होते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आतला ब्लाइंड ऊन अडवतो तेव्हा ते काचेतून आधीच आत आलेलं असतं. ब्लाइंड तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. बाहेरची जाळी, पट्टी किंवा छज्जा उन्हाला काचेपर्यंत पोचूच देत नाही. म्हणून सावली बाहेरून द्यायची असते.

वारा हवा, पण ऊन नको

मुंबईचा पेच असा, की समुद्रावरचा सुखद वारा पश्चिम आणि वायव्येकडून येतो, दुपारचं रणरणतं ऊनही पश्चिमेकडूनच येतं आणि पावसाची झड नैर्ऋत्येकडून. पश्चिम पूर्ण बंद केली तर वारा गेला, पूर्ण उघडली तर ऊन आणि पाऊस दोन्ही आत.

यावर जुन्या मुंबईने काढलेला तोडगा आजही उभा आहे. ओव्हल मैदानाच्या कडेला असलेलं जुनं सचिवालय १८७४ मध्ये आणि उच्च न्यायालयाची इमारत १८७८ मध्ये पूर्ण झाली. तेव्हा पुढची जमीन भरावाने वाढलेली नव्हती आणि या इमारतींचं तोंड पश्चिमेला समुद्राकडे होतं. त्या बाजूला कमानींचे खोल व्हरांडे आहेत. ऊन आणि झड व्हरांड्यातच थांबतात, वारा आत जातो आणि माणसांना ये-जा करायला सावलीची वाट मिळते.

चार्ल्स कोरिया यांनी हीच कल्पना उंच इमारतीत नेली. १९८३ मध्ये पूर्ण झालेली त्यांची कांचनजंगा ही निवासी इमारत पूर्व-पश्चिम तोंड करून उभी आहे, पण घरं थेट उन्हाला भिडत नाहीत. कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या आहेत आणि त्या जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याचं काम करतात.

ऑफिसच्या इमारतीचं उत्तम उदाहरण अहमदाबादला आहे. ले कॉर्ब्युझिए यांनी तिथल्या गिरणीमालकांच्या संघटनेसाठी बांधलेली इमारत १९५४ मध्ये पूर्ण झाली. तिच्या उत्तर-दक्षिण भिंती जवळपास बंद आहेत. पूर्वेला साबरमती आणि पश्चिमेला रस्ता. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या खोल उभ्या पडद्या आहेत. पश्चिमेच्या पडद्या तिरप्या लावल्यामुळे मावळतीकडचं ऊन अडतं, तर नदीच्या बाजूच्या पडद्या सरळ ठेवल्यामुळे हवा आणि दृश्य दोन्ही मिळतं.

उंच ऑफिससाठी मलेशियातली मेनारा मेसिनियागा पाहावी. केन यांग यांची ही १५ मजली इमारत क्वालालंपूरजवळ सुबांग जया इथे १९९२ मध्ये पूर्ण झाली आणि १९९५ मध्ये तिला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. लिफ्ट आणि जिन्यांचा गाभा इमारतीच्या मध्यभागी न ठेवता त्यांनी तो पूर्वेला सरकवला. त्यामुळे सकाळचं ऊन त्या गाभ्यावर पडतं, आणि लिफ्टची लॉबी, जिने, स्वच्छतागृहं यांना नैसर्गिक उजेड आणि हवा मिळते. म्हणजे इमारतीच्या बऱ्याच जागेला एसी लागतच नाही. बाहेरून चढत जाणाऱ्या बागा आणि तापत्या बाजूंवरच्या पट्ट्या सावली देतात.

उजेड आत किती जातो?

खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासून जेवढी उंची, त्याच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत कामापुरता उजेड पोचतो, असा ढोबळ नियम आहे. खिडकी तीन मीटर उंचीपर्यंत असेल तर साधारण सहा-सात मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना खिडक्या असलेला मजला १४-१५ मीटर रुंद असेल, तर दिवसा बहुतेकांचं काम दिव्याशिवाय होतं. मजला ४० मीटर रुंद केला, तर मधल्या लोकांना सकाळ आहे की संध्याकाळ हेही कळत नाही, मग बाहेरून इमारत कितीही काचेची असो.

खिडकीची उंची वाढवली की उजेड आत खोलवर जातो, रुंदी वाढवली की खिडकीजवळच जास्त साठतो. म्हणून सबंध भिंतभर काच लावण्यापेक्षा छताजवळ उंच खिडक्या आणि फिकट रंगाचं छत जास्त कामाचं. गुडघ्याखालच्या काचेतून टेबलावर उजेड येत नाही, उष्णता मात्र येते.

एसी लागणारच, पण कसा?

मुंबईत ऑक्टोबर आणि मे महिन्यांत विनाएसी ऑफिस चालवणं बहुतेकांना जमणार नाही. प्रश्न एसी किती आणि कशासाठी, हा आहे.

दमट हवेत एसीची दोन कामं असतात: हवा गार करणं आणि हवेतलं पाणी काढणं. गरजेपेक्षा मोठा एसी बसवला तर तो खोली झटपट गार करून थांबतो आणि बाष्प तसंच राहतं. मग अंग चिकट वाटतं म्हणून लोक तापमान २० वर नेतात आणि थंडी वाजते म्हणून शाल घेतात. हवा वेगळ्या यंत्रणेने कोरडी केली, तर २५-२६ अंशांवरही बरं वाटतं. डोक्यावर पंखा असेल तर अंगावरच्या वाऱ्यामुळे आणखी दोन-तीन अंश गार असल्यासारखं जाणवतं. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या एसडीई-४ या इमारतीत याच तत्त्वावर काम चालतं: हवा फार गार न करता सोडायची आणि जोडीला छताचे पंखे.

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाच्या म्हणण्यानुसार एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. जानेवारी २०२० पासून नव्या रूम एसीचं मूळ तापमान २४ अंश ठेवणं बंधनकारक झालं, ते यामुळेच. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने भारतीय ऑफिसांमध्ये केलेल्या अभ्यासातून माणसाला कोणत्या तापमानात बरं वाटतं याचं भारतीय सूत्र तयार झालं आणि २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत ते आलं. त्यानुसार बाहेरची सरासरी २८ अंश असेल, तर खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतीत आतले २८ अंशही लोकांना चालतात आणि एसी इमारतीत २५ च्या थोडं वर.

हैदराबादला इन्फोसिसने एक सरळ प्रयोग केला. एकाच इमारतीचे दोन सारखे भाग केले. एका भागात चांगल्या दर्जाचा नेहमीचा एसी, दुसऱ्या भागात छताच्या काँक्रीटमधल्या नळ्यांतून गार पाणी फिरवून थंडावा. दुसऱ्या भागात थंडाव्यासाठी सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. मुंबईत हे करताना काळजी जास्त घ्यावी लागते. छत फार गार झालं आणि आतली हवा ओली राहिली, तर थंड पाण्याच्या ग्लासावर येतात तसे थेंब छतावर धरतात. म्हणून आधी हवा कोरडी करायची आणि मग छत गार करायचं, हा क्रम चुकवून चालत नाही.

पाऊस विसरलात तर सगळं वाया

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हापासून एक धडा स्पष्ट आहे: विजेचा ट्रान्सफॉर्मर, जनरेटर आणि पाण्याचे पंप तळघरात ठेवू नयेत. पाणी भरलं की सगळ्यात आधी तेच बंद पडतात आणि वीस मजल्यांची इमारत कोरडी असूनही निकामी होते.

छज्ज्याला खालून पन्हळ हवी, नाहीतर पाणी खालच्या बाजूने वळून भिंतीत मुरतं आणि ओल येते. बाहेरच्या पट्ट्या आणि जाळ्या साफ करायला वाट हवी. खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा आणि पांढरा चायना मोझॅक ही इथली जुनी पद्धत पाणी आणि ऊन दोन्ही अडवते. एक हजार चौरस मीटर गच्चीवर दोन मीटर पाऊस म्हणजे २० लाख लिटर पाणी. ते साठवता किंवा जमिनीत मुरवता येतं. एसीतून ठिबकणारं पाणी कूलिंग टॉवरला वापरता येतं.

मग सगळेच असं का बांधत नाहीत?

तंत्र नवं नाही, अडचण पैशांच्या वाटणीची आहे. इमारत विकासक बांधतो आणि वीजबिल भाडेकरू कंपनी भरते. बाहेरच्या पट्ट्यांचा खर्च एकाचा, बचत दुसऱ्याची. शिवाय मुंबईतले भूखंड वेडेवाकडे आणि दाटीचे असतात, हवं त्या दिशेला तोंड करता येतंच असं नाही. आणि चकचकीत काच म्हणजे आधुनिक ऑफिस, हा समज भाड्याच्या दरात उतरलेला आहे.

यात भरडला जाणारा माणूस मात्र वेगळाच असतो. एसी आतली उष्णता बाहेर फेकतो आणि त्यात यंत्राच्या विजेची भर पडते. ती गरम हवा फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला, फुटपाथवरच्या विक्रेत्याला आणि शेजारच्या चाळीला लागते.

तुमच्या ऑफिसमध्ये हे तपासून पाहा

- दुपारी दिवे बंद केले तर खिडकीपासून किती अंतरापर्यंत काम करता येतं?
- पश्चिमेच्या काचेला बाहेरून सावली आहे की फक्त आतून ब्लाइंड?
- जानेवारीच्या सकाळी उघडता येईल अशी एक तरी खिडकी आहे का?
- एसी किती अंशांवर आहे आणि किती जण शाल घेऊन बसतात?
- जिने आणि लॉबीला नैसर्गिक हवा मिळते का?
- इमारतीला वर्षाला दर चौरस मीटरमागे किती युनिट वीज लागते, हे व्यवस्थापनाला माहीत आहे का? ऑफिसच्या इमारतींना ऊर्जेचे तारे याच आकड्यावरून मिळतात.

उभ्या इमारतीचं तोंड फिरवता येत नाही. पण बाहेरच्या पट्ट्या, काचेवरची फिल्म, छताचे पंखे, पांढरी गच्ची आणि २० ऐवजी २५ वर ठेवलेला एसी हे बदल आहे त्या इमारतीतही करता येतात. नवं ऑफिस भाड्याने घेणाऱ्या कंपनीने तर करारावर सही करण्याआधी एकदा दुपारी चार वाजता ती जागा पाहावी आणि ब्लाइंड वर करायला सांगावेत.